ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली नावं

आपल्याकडे स्त्रियांच्या कर्तृत्वाचा इतिहास बहुतेक वेळा पहिल्या मानकऱ्यांच्या यादीतून सांगितला जातो. पहिली डॉक्टर, पहिली वकील, पहिली वैमानिक, पहिली वास्तुविशारद. महिला दिनाच्या भाषणांना आणि स्पर्धा परीक्षांना ही यादी सोयीची असते. इतिहास समजून घ्यायला मात्र ती फारशी कामाची नाही, कारण पहिलीनंतर दुसरी कशी आली हे ती सांगत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. डॉक्टरकीचा पेशा रुळवला तो रखमाबाईंनी, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासून. वास्तुकलेच्या व्यवसायात हाच प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण हा व्यवसाय एकटीने करता येत नाही. त्याला ऑफिस लागतं, जमीन आणि पैसा असलेला ग्राहक लागतो, कंत्राटदार आणि गवंडी लागतात. बेंगळुरू हे शहर या दृष्टीने तपासून पाहण्यासारखं आहे. तिथे ही वाट एकदा पडली, मग बुजली, आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर वेगळ्याच बाजूने पुन्हा पडली. स्त्री वास्तुविशारदांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना आधार दिला असं हल्ली आवर्जून म्हटलं जातं आणि ते खोटं नाही. पण तो आधार कौतुकातून किंवा आदर्शांच्या तसबिरींतून पोचलेला दिसत नाही. तो पोचला ऑफिसात मिळालेल्या जागेतून, ओळखीपाळखीतून, नियतकालिकाच्या पानांतून आणि हातात आलेल्या तंत्रातून. जिथे यातलं काहीच नव्हतं तिथे नुसत्या प्रेरणेने काही घडल्याचा पुरावा मला तरी सापडत नाही.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वास्तुकलेचं पद्धतशीर शिक्षण घ्यायचं तर या देशात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हेच प्रमुख ठिकाण होतं, आणि आर्किटेक्टांची देशपातळीवरची संघटनाही जे. जे.च्याच विद्यार्थ्यांच्या मंडळातून उभी राहिली. पेरीन जमशेदजी मिस्त्री यांनी १९३६ मध्ये इथून वास्तुकलेची पदविका घेतली. भारतात ती मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. पदविका हातात आल्यावर त्यांना नोकरीसाठी दारं ठोठावावी लागली नाहीत. ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार’ ही नावाजलेली फर्म वडिलांचीच होती. पेरीनबाई तिथे रुजू झाल्या, भागीदार झाल्या आणि आयुष्यभर तिथेच काम करत राहिल्या. कार्मायकल रोडवरचा सर बेहराम करंजिया यांचा बंगला, कंबाला हिलवरचं सेंट स्टीफन्स चर्च, बोरिवलीची खटाव मिल ही कामं त्यांच्या नावावर सांगितली जातात. बंगला, चर्च आणि गिरणी असा पसारा पाहिला, तर ‘बायकांनी घरांच्या आतली सजावट करावी’ हा त्या काळचा समज त्यांनी किती सहज ओलांडला होता ते कळतं. पण त्यासाठी लागणारी परवानगी घरातूनच मिळालेली होती, हेही विसरून चालणार नाही.

पेरीनबाईंच्या त्या ऑफिसात सिलोनमधल्या कँडीची एक तरुणी उमेदवारी करायला आली. मिनेट डी सिल्व्हा, जन्म १९१८. वडील जॉर्ज डी सिल्व्हा राजकारणी आणि आई अ‍ॅग्नेस नेल ही सिलोनमधल्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली. सिलोनला १९३१ मध्ये सार्वत्रिक मताधिकार मिळाला, त्यात या मागणीचा वाटा होता. कोलंबोत वास्तुकला शिकायची सोय नव्हती म्हणून मिनेट मुंबईला आल्या. जे. जे.त थेट प्रवेश मिळेना, तेव्हा आधी मिस्त्री-भेडवारांच्या ऑफिसात काम शिकायचं ठरलं. तिथे पेरीन आणि त्यांचे बंधू मिनू यांच्याशी त्यांची मैत्री जमली. एका खाजगी अकादमीत त्यांना शिकवायला गजानन बाबुराव म्हात्रे होते. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल ज्यांनी रेखाटला, ते मुंबईच्या आर्ट डेको घडणीतले बिनीचे आर्किटेक्ट. पुढे मिनेट जे. जे.त दाखल झाल्या खऱ्या, पण गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात गेल्याबद्दल त्यांना माफीपत्र लिहून द्यायला सांगण्यात आलं. त्यांनी ते दिलं नाही आणि संस्थेने त्यांना काढून टाकलं. पदविका नाही, परत जावं तर तिथे शिक्षणाची सोय नाही, अशा अवस्थेत त्या बेंगळुरूला पोचल्या.

बेंगळुरूत त्या वेळी ओटो कोनिग्सबर्गर हे म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद होते. बर्लिनमध्ये शिकलेला हा ज्यू तरुण हिटलरच्या राजवटीमुळे देशोधडीला लागला होता. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न हे त्यांचे मामा, आणि बॉर्न १९३५-३६ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून गेलेले. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्या बोलावण्यावरून कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये आले आणि १९४८ पर्यंत राहिले. विज्ञान संस्थेच्या आवारातल्या काही इमारती त्यांच्या आहेत. उन्हापावसाचा, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून आधुनिक इमारत कशी बांधावी याचे धडे त्यांनी इथेच गिरवले, आणि लंडनमध्ये उष्ण कटिबंधातल्या वास्तुकलेचे नामांकित प्राध्यापक ते नंतर झाले. टाटांच्या जमशेदपूर शहराचा विकास आराखडाही त्यांच्याकडे होता, आणि बेंगळुरूच्या ऑफिसात मिनेट त्याच कामावर होत्या. कारखान्यात तयार केलेले भाग जोडून कामगारांसाठी घरं उभी करण्याचा तो प्रयत्न होता. म्हणजे पदविका न घेतलेल्या एका विद्यार्थिनीच्या पुढ्यात थेट शहरनियोजन आणि सामूहिक घरबांधणी येऊन पडली. बेंगळुरू त्यांच्या कुटुंबाला परकंही नव्हतं. मिनेट यांची थोरली बहीण अनिल डी सिल्व्हा हिने १९४१ मध्ये इथे पीपल्स थिएटर सुरू केलं होतं आणि १९४३ मध्ये इप्टा (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) स्थापन झाली तेव्हा ती तिची सरचिटणीस झाली.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. मिनेट बेंगळुरूत राहिल्या तो काळ थोडका. १९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या. त्यांनी रेखाटलेली इमारत या शहरात नाही. शिवाय त्यांना आधार दिला तो एका पुरुषाने, त्याआधी शिकवलं तेही एका पुरुषाने. मग यात बायकांनी बायकांना दिलेला आधार कुठे आला? माझं उत्तर असं, की तो आधार शुद्ध, अलग स्वरूपात सापडेल ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्या व्यवसायात ऑफिसं पुरुषांची, महाविद्यालयं पुरुषांची आणि ग्राहकही पुरुष, तिथे एका बाईने दुसरीला द्यायचं ते त्याच घरातल्या फटींतून द्यावं लागतं. पेरीन मिस्त्री यांनी मिनेटना नोकरी दिली असं म्हणता येणार नाही. फर्म वडिलांच्या नावाची होती. पण त्या ऑफिसात एक बाई ड्रॉइंग बोर्डावर बसून काम करते आहे हे दृश्य आधीच नेहमीचं झालं होतं, म्हणून दुसरी आली तेव्हा कुणाच्या भुवया फारशा उंचावल्या नसाव्यात. आणि कोनिग्सबर्गर यांच्यापुरतं बोलायचं तर तेही नातलगाच्या ओळखीनेच बेंगळुरूत टिकले होते. ओळखीचा आधार हा काही बायकांचा दुबळेपणा नव्हे. व्यवसायात सगळेच त्यावर चालत आले. फरक इतकाच, की पुरुषांच्या ओळखींना आपण ‘परंपरा’ म्हणतो आणि त्यांच्या वंशावळी पाठ्यपुस्तकात छापतो.

या ओळखींतून काय निघालं ते पाहा. १९४६ मध्ये मुंबईत मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखाली ‘मार्ग’ हे कला आणि वास्तुकलेचं नियतकालिक सुरू झालं. संस्थापक गटात अनिल आणि मिनेट या दोघी बहिणी होत्या, कोनिग्सबर्गरही होते. १९४७ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटरला भरली, तिथे मिनेट ‘मार्ग’च्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व मिळवणारी पहिली आशियाई स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. इंग्लंडमध्ये त्यांचा ज्यांच्याशी स्नेह जुळला त्यांत जेन ड्रू होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस काढून, सुरुवातीला त्यात केवळ स्त्री आर्किटेक्टांना कामावर घेणारी ही बाई. १९५१ मध्ये ड्रू पती मॅक्सवेल फ्राय यांच्यासह नव्या शहराच्या उभारणीसाठी चंदीगडला आल्या. तिथल्या चमूत ऊर्मिला युली चौधरी होत्या, सिडनी विद्यापीठातून १९४७ मध्ये पदवी घेतलेल्या. युली चौधरींनी चंदीगडमध्ये होम सायन्स कॉलेज आणि मुलींचं पॉलिटेक्निक रेखाटलं आणि पुढे हरियाणा व पंजाबच्या मुख्य वास्तुविशारद म्हणून काम केलं. सरकारी खात्यात त्या पदावर बाई बसणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मुंबई, बेंगळुरू, लंडन, चंदीगड अशी ही नावं नकाशावर जोडत गेलं तर एक जाळं दिसतं. ते आखीव नव्हतं. कुणी कुणाचं शिष्यत्व पत्करलं नव्हतं. पण काम जिथे आहे तिथे एकीला दुसरीमुळे पोचता येत होतं.

मग हे जाळं आपल्याला ठाऊक का नाही? याचं उत्तर ड्रॉइंगच्या शीटवरच मिळतं. आर्किटेक्टच्या कोणत्याही जुन्या शीटच्या खाली, उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात प्रकल्पाचं नाव, स्केल, तारीख, आणि तीन लहान रकाने: कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. पहिल्या रकान्यात बहुधा नुसती आद्याक्षरं असतात. संगणक येण्यापूर्वी ती व्यक्ती दिवसदिवस ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनाने रेघा ओढत असे, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढत असे, आणि जिन्याची पायरी कुठे अडखळते आहे हे सर्वांत आधी तिच्याच लक्षात येत असे. तिसऱ्या रकान्यात सही असते ती साहेबांची. वास्तुकलेचा इतिहास आजवर लिहिला गेला तो या तिसऱ्या रकान्यावरून. ‘काढलं’ या रकान्यात अडकलेले पुरुषही हजारोंनी असतील हे मान्य. पण बाईला तिसऱ्या रकान्यापर्यंत जाण्याचा जिनाच नव्हता, आणि गेली तरी तिची सही दुसऱ्याच्या नावावर वाचली गेली. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या खुर्च्या आज परदेशातल्या लिलावांत त्याच चमूतले आर्किटेक्ट पिअर जॅनरे यांच्या नावाने भारी किमतीला जातात. त्या फर्निचरच्या घडणीत युली चौधरींचाही हात होता हे अभ्यासक सांगतात, पण लिलावाच्या पुकाऱ्यात ते नाव क्वचितच येतं. नव्या मुंबईची कल्पना १९६५ मध्ये ज्या तिघांनी ‘मार्ग’च्या अंकात मांडली त्यांत चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर प्रवीणा मेहता होत्या. वाशी-नेरुळला लोकलने रोज जाणाऱ्या किती जणांना हे तिसरं नाव माहीत आहे? आणि जिथे हा लेख छापून आला ते नियतकालिक काढणाऱ्यांत दोन बहिणी होत्या, हे तर त्याहून कमी जणांना.

बेंगळुरूत मात्र यानंतर खंड पडला. कोनिग्सबर्गर १९४८ मध्ये दिल्लीला केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यात गेले. शहरात १९४७ मध्ये चंदावरकर आणि थॅकर यांची फर्म सुरू झाली होती, सार्वजनिक उद्योगांच्या वसाहती उभ्या राहत होत्या, कामाला तोटा नव्हता. पण स्त्रीला आत घेणारं मिस्त्रींसारखं घरगुती ऑफिस किंवा जे. जे.सारखी शाळा या शहरात नव्हती. त्यामुळे बेंगळुरूतल्या आजच्या स्त्री वास्तुविशारदांचा मागोवा घ्यायला लागलं की आपण चाळीसच्या दशकातल्या त्या ऑफिसापर्यंत पोचतच नाही. चित्रा विश्वनाथ यांचं उदाहरण घ्या. अहमदाबादच्या ‘सेप्ट’ या वास्तुकलेच्या संस्थेत शिकून १९९० च्या सुमारास त्यांनी बेंगळुरूत स्वतंत्र काम सुरू केलं, आणि आज मातीच्या घरांसाठी या शहरात सर्वप्रथम आठवतं ते त्यांच्या ‘बायोम’ या फर्मचं नाव. या कामाचं मूळ शोधलं तर ते कुठल्या ज्येष्ठ आर्किटेक्ट बाईंकडे नाही, भारतीय विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेकडे जातं. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये तिथे ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र उभारलं, आणि के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिमेंटचा थोडा अंश घालून दाबलेल्या मातीच्या विटांवर तिथे वर्षानुवर्षं संशोधन केलं. गंमत अशी की हे तेच आवार, जिथे कोनिग्सबर्गर यांनी आपल्या इमारती बांधल्या होत्या.

या विटेकडे जरा जवळून पाहायला हवं, कारण पिढ्यांमधला आधार म्हणजे नेमकं काय, ते तिच्यात दिसतं. घराच्या तळघरासाठी खणलेली मातीच वापरायची, हा चित्रा विश्वनाथ यांच्या कामाचा शिरस्ता. माती चाळायची. चिकणमाती जास्त असेल तर वाळू किंवा दगडाची कच मिसळायची. मग शंभर भागांत सहा ते आठ भाग सिमेंट घालून ओलसर, मुठीत दाबली तर गोळा होईल आणि सोडली तर फुटेल इतपत पाणी. हे मिश्रण तोलून हातयंत्राच्या साच्यात भरायचं, झाकण लावायचं आणि लांब दांडा ओढून दाबायचं. या यंत्राचं नाव ‘मर्दिनी’. भट्टी नाही, जळण नाही. वीट सावलीत रचून तीन आठवडे ओली ठेवायची की झाली. भिंतीला गिलावा नको, रंग नको. एखादी इमारत पाहून कुणी भारावून जाईल, पण तेवढ्याने घर बांधता येणार नाही. सिमेंट किती, पाणी किती, ओली किती दिवस ठेवायची, हे ठाऊक झालं की बांधता येतं. आणि ते ठाऊक होण्यासाठी कुणीतरी ते न लपवता सांगावं लागतं. बायोमच्या ऑफिसातून काम शिकून बाहेर पडलेल्या तरुण आर्किटेक्ट, ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊन बेंगळुरूत ‘मेसन्स इंक’ हा स्टुडिओ काढणाऱ्या रोझी पॉल आणि श्रीदेवी चंगाली, ही पुढची पायरी. दोघी मैत्रिणींनी भागीदारीत ऑफिस काढावं, मातीकाम आणि जुन्या वास्तूंचं जतन ही कामं हाती घ्यावीत आणि हे तंत्र शिबिरं भरवून इतरांना शिकवावं, यात वडिलांची फर्म कुठे नाही, नवऱ्याचीही नाही. पेरीनबाईंच्या काळापासून झालेला खरा बदल मला इथे दिसतो.

इथे मिनेट यांची आठवण काढली तर खंड म्हणजे काय ते कळतं. सिलोनला परतल्यावर १९५१ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या कँडीच्या करुणारत्ने घरात त्यांनी आधुनिक आराखड्याबरोबर दुंबराच्या चटया विणणाऱ्यांचं, लाखकाम करणाऱ्यांचं, मातीच्या फरश्या घडवणाऱ्यांचं काम वापरलं होतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कँडीजवळच्या वटापुलुवा वसाहतीसाठी त्यांनी तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबांना विचारून घरांचे नमुने ठरवले. स्थानिक कारागिरी, स्थानिक साहित्य, राहणाऱ्याचा सल्ला: बेंगळुरूत १९९० नंतर ज्याला नवा विचार म्हटलं गेलं तो जवळजवळ सगळा यात आहे. म्हणून कुणी म्हणेल की पाहा, परंपरा तर अखंडच होती. तसं म्हणता येत नाही. दोन माणसं एकाच उत्तरापर्यंत स्वतंत्रपणे पोचली तर तो वारसा नव्हे. उलट वारसा मिळाला असता तर दुसरीची वीस वर्षं वाचली असती. मिनेट यांची बरीच घरं पाडली गेली, कागदपत्रं विखुरली. श्रीलंकेच्या वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक त्यांना १९९६ मध्ये मिळालं आणि दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड १९९८ मध्ये आला. फोटो, पत्रं, कात्रणं, आराखडे चिकटवून सजवलेल्या वहीसारखं ते पुस्तक आहे, कारण आपलं दप्तर दुसरं कुणी सांभाळणार नाही हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

बेंगळुरूबद्दल आणखी एक शंका घेतली जाते. इथल्या नावाजलेल्या ऑफिसांपैकी कितीतरी पती-पत्नींची आहेत. निशा मॅथ्यू घोष आणि सौमित्र घोष यांचं ‘मॅथ्यू अँड घोष’, गायत्री शेट्टी आणि नमित वर्मा यांचं ‘गायत्री अँड नमित’, रेणू आणि शाहरुख मिस्त्री यांचं ऑफिस, सुनीता कोंडूर आणि बिजॉय रामचंद्रन यांचं ‘हंड्रेडहँड्स’. मग पूर्वी वडिलांच्या दारातून यायचं ते आता नवऱ्याच्या दारातून, इतकाच फरक पडला ना? ही शंका अर्धी खरी आहे. वास्तुकलेच्या ऑफिसाला पहिली काही वर्षं पैसा दिसत नाही, रात्री-अपरात्री काम, साइटवर वेळीअवेळी जाणं. हे सगळं घरातल्या घरात निभावणं सोपं जातं, आणि ज्या बाईला असं घर नाही तिला ते जमत नाही, हे खरंच आहे. उरलेली अर्धी बाजू अशी की वडिलांच्या फर्ममध्ये मुलगी वारस म्हणून येते, इथे दोघं एकाच वर्गात शिकून बरोबरीने उभे राहतात आणि पाटीवर नाव दोघांचं असतं. जुन्या मध्यवर्ती तुरुंगाच्या जागी २००८ मध्ये झालेला फ्रीडम पार्क, माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये २००९ मध्ये उघडलेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही मॅथ्यू अँड घोष यांची कामं. बेंगळुरूच्या सार्वजनिक जागांत यांच्या तोडीची फार थोडी सापडतात, आणि पाटीवर पहिलं नाव बाईचं आहे. तरीही बातमीत सौमित्र यांचं नाव आधी येणं थांबलेलं नाही, पण तो दोष पत्रकारांचा.

या जाळ्याला संस्थेचं रूप द्यायचा जाणीवपूर्वक प्रयत्न झाला तो पुन्हा मुंबईत, आणि तो करणाऱ्या बाई मूळच्या कोडगूच्या. ब्रिंदा सोमाया यांनी १९७८ मध्ये बहीण रंजिनी कलप्पा यांच्याबरोबर ऑफिस सुरू केलं. राजाबाई टॉवरचं आणि सेंट थॉमस कॅथीड्रलचं जतन-संवर्धन ही मुंबईकरांना माहीत असलेली त्यांची कामं. आज कन्या नंदिनी सोमाया संपत त्याच ऑफिसची धुरा सांभाळतात. २००० मध्ये ब्रिंदाबाईंच्या ‘हेकार फाउंडेशन’ने दक्षिण आशियातल्या स्त्री वास्तुविशारदांची परिषद आणि प्रदर्शन मुंबईत भरवलं, आणि त्यातल्या निबंधांचं व कामांचं पुस्तकही काढलं. परिषदा काय, होत असतात; चहापान होतं, सत्कार होतात. इथे महत्त्वाचं होतं ते पुस्तक. शेजारच्या गावात आपल्यासारखंच काम कोण करतं हे पहिल्यांदा छापील स्वरूपात कळलं. वीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच संस्थेने पुन्हा परिषद घेतली तेव्हा बोलावण्यासाठी नावं हुडकावी लागली नाहीत. मधल्या काळात मेरी वुड्स यांचं मुंबई-दिल्लीतल्या स्त्री वास्तुविशारदांवरचं पुस्तक आलं, माधवी देसाई यांचं भारतभरच्या कामाचा आढावा घेणारं पुस्तक २०१७ मध्ये आलं. नीरा आडारकर यांच्यासारख्या मराठी आर्किटेक्टने गिरणगावातल्या कामगारांचा मौखिक इतिहास आणि मुंबईच्या चाळींवरचं पुस्तक सिद्ध केलं. बेंगळुरूत यशस्विनी शर्मा या वास्तुविशारदेने १५३७ ते १७९९ या काळातल्या मूळ शहराचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. शहाजीराजांच्या जहागिरीचा काळ त्यातच येतो. इमारत बांधणाऱ्या बायका इतिहास लिहू लागल्या, हा योगायोग नाही. आपलं नाव कसं पुसलं जातं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना शहरातली बाकीची पुसलेली नावं आधी दिसतात.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळाच आहे. ही सगळी नावं सुखवस्तू घरांतली. पारशी फर्मची मुलगी, सिलोनच्या पुढाऱ्याची मुलगी, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, परदेशी जाऊन आलेल्या. बेंगळुरूत कुठल्याही बांधकामावर जा, रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून आलेल्या बायका डोक्यावर घमेली घेऊन जिने चढत असतात. गवंड्याची थापी पुरुषाच्या हातात, घमेलं बाईच्या डोक्यावर, आणि मजुरीही त्याच हिशेबाने. यांच्यापर्यंत या आधाराचं काय पोचलं? फारसं काही नाही, असं कबूल करायला हवं. त्या बाईचं नाव शीटवरच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. मातीच्या विटांनी एक शक्यता उघडली आहे. वीट कारखान्यातून न येता साइटवर होऊ लागली की विटेच्या खरेदीवर जाणारा पैसा मजुरीवर जातो, आणि जे कौशल्य नव्यानेच शिकायचं ते शिकताना जुन्या उतरंडीला थोडा धक्का बसू शकतो. पण हे आपोआप होत नाही. ज्या आर्किटेक्ट स्वतः साइटवर जाऊन बाईला थापी देण्याचा आग्रह धरतात त्यांच्याच कामावर ते होतं. म्हणून या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. वरच्या पिढ्यांनाही जागा, शिक्षण आणि नाव मिळालं तेव्हाच पुढे जाता आलं. खालच्या मजल्यावरही त्याच तीन गोष्टी द्याव्या लागतील. भाषणांनी भागणार नाही.

आणि ‘आर्किटेक्ट तो आर्किटेक्ट, त्यात बाई-पुरुष काय’ असं म्हणणारे अनेक भले लोक आहेत. त्यांत कित्येक यशस्वी आर्किटेक्ट बायकाही आहेत. ‘स्त्री वास्तुविशारद’ ही चिठ्ठी चिकटवली की काम बाजूला राहतं, ही त्यांची तक्रार खरी आहे. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत आज मुली मुलांच्या बरोबरीने दिसतात, तेव्हा हा भेद आपोआप मिटेल असंही ते म्हणतात. वर्गातली संख्या आणि तिसऱ्या रकान्यातली संख्या यांत केवढं अंतर पडतं, हे कुठल्याही मोठ्या फर्मच्या भागीदारांची यादी वाचून ज्याचं त्याने पाहावं. वास्तुविशारद कायदा १९७२ पासून लागू आहे, नोंदणी सगळ्यांना सारखी आहे. नियमाची अडचण केव्हाच संपली. अडचण आहे ती पस्तिशीच्या आसपास ऑफिस सोडून जाणारीला परत यायला जागा नसण्याची, आणि तिने आधी केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होण्याची. जोवर हे चालू आहे तोवर वेगळी नोंद ठेवावीच लागेल. सगळ्यांचा हिशेब सारखा ठेवला जाऊ लागला की ती आपोआप बंद होईल, तिची हळहळ कुणाला वाटण्याचं कारण नाही.

बेंगळुरूत ऐंशी-नव्वदच्या दशकात काम सुरू केलेल्या आर्किटेक्ट बायका आता साठी-सत्तरीत आहेत. पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-बेळगावातही अशा असतील. त्यांच्या कामाचे ट्रेसिंग पेपर माळ्यावर, कपाटामागे गुंडाळ्या करून पडलेले असतात. अमोनिया प्रिंट उजेडात फिकट होत जातात आणि ट्रेसिंग पेपर दमट हवेत सुरकुततो. जागा बदलताना, ऑफिस बंद करताना या गुंडाळ्या रद्दीत जातात. तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत असं कुणी असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी त्या शीट्सचे फोटो काढा, कोपऱ्यातली आद्याक्षरं कुणाची ते त्यांनाच विचारून मागे पूर्ण नाव आणि साल लिहून ठेवा, आणि जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला त्या घेण्याबद्दल पत्र लिहा.